एक हजार चौदा नंबरचा मालक

लातूरच्या माणसाला काही वाया घालवणं जमत नाही. ज्या गावानं एका उन्हाळ्यात आगगाडीनं आलेलं पाणी प्यालं, तिथं भाजी धुतलेलं पाणीसुद्धा दोनदा विचार करून मग सांडतात. रामलिंग सरांनी हीच सवय कॉलेजच्या सर्व्हरलाही लावली होती. पुढं जे झालं ते या सवयीतूनच झालं, असं म्हटलं तर सरांना राग येईल. येऊ द्या. खरं ते खरं.

राजकन्या उमरीची. नांदेडला शिकली आणि लातूरच्या एका खासगी कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये सहायक म्हणून लागली. पहिलीच नोकरी, त्यामुळं सर सांगतील ते मान डोलावून ऐकायची. सरांना असं ऐकणारं माणूस बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

"हे बघ," सर म्हणाले, "सर्व्हर म्हंजे एक गाव हाय. मशीन एक, वापरणारे लई. तिथं प्रत्येक फाईलीला एक घरधनी असतो. मग त्याची भावकी. मग उरलेलं गाव. या तिघांना कोणता हक्क द्यायचा ते घरधनी ठरवतो. वाचायचा, लिहायचा, का चालवायचा. दिला न्हाई, तर मशीन सरळ सांगतं, परवानगी न्हाई. मग तू प्राचार्य का असंना, दाराबाहेर उभी राहा."

"अन् तुम्ही सर?"

"मी रूट. माझ्यापुढं कुणाचं कुलूप चालत न्हाई. पण ती किल्ली माझ्या डोक्यात हाय, अन् डोकं मी कुणाला उसनं देत न्हाई."

मग त्यांनी तिचं खातं उघडून दिलं. नाव राजकन्या, नंबर एक हजार चौदा. मशीनला नाव कळत नाही, नंबर कळतो, असंही ते म्हणाले. फाईलीवर मालक म्हणून नंबरच कोरलेला असतो, नाव आपलं माणसांच्या समाधानासाठी समोर दिसतं. तो नंबर आधी दुसऱ्या कुणाचा होता, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. रिकामी झालेली जागा नव्या माणसाला द्यायची, मध्ये फट ठेवायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. बसमधल्या सीटवर आधी कोण बसलं होतं, हे आपण तरी कुठं सांगत बसतो.

पहिल्या आठवड्यात सरांनी तिला एक काम लावलं. सर्व्हरवर तुझ्या नावानं काय-काय आहे ते शोध, आणि प्रत्येकाला नीट कुलूप लाव. राजकन्यानं हुकूम टाइप केला. तिच्या हिशेबानं पाच-सात फाईली निघायला हव्या होत्या. पडदा वर सरकायला लागला तो थांबेचना.

शेकडो फाईली होत्या. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये, आणि फोल्डरचं नाव 'अम्मी'. प्रत्येकीच्या पुढं हक्कांचे तीन खण. पहिल्या खणात घरधन्यासाठी वाचणं आणि लिहिणं, पुढच्या दोन खणांत नुसत्या आडव्या रेघा. म्हणजे भावकीला काही नाही, गावाला काही नाही. आणि घरधन्याच्या जागी सगळीकडं तिचं नाव. राजकन्या, राजकन्या, राजकन्या. त्यातल्या बहुतेक फाईलींच्या तारखा ती लातुरात यायच्या आधीच्या होत्या.

आपल्या सहीचं काहीतरी आपण न लिहिलेलं सापडावं, तसं तिला झालं. तिनं सगळ्यात खालची ओळ पाहिली. ती फाईल आजची होती, नुकतीच दुपारी आलेली. लॅब रिकामी होती, पोरं जेवायला गेली होती. बाहेर ऊन इतकं तापलेलं की अंगणातलं कुत्रंही जिन्याखाली जाऊन पडलं होतं. भर दुपारच्या वेळेला आमच्याकडं लोक मध्यरात्रीपेक्षा जास्त भितात. विहिरीवर, पिंपळाखाली एकटं जाऊ नये म्हणतात. सर्व्हरविषयी कुणी काही म्हटलेलं नव्हतं. तिनं हेडफोन लावला आणि फाईल उघडली.

आधी पंख्याची घरघर आली. मग काचेच्या बांगड्या एकमेकींवर घासल्याचा आवाज. मग एक म्हातारी बाई दखनीत बोलायला लागली.

"आज मलप्पाकी बकरी छतपो चढ गई बेटा. कौन उतारता उसकू. मैंच उतारी." ती थोडी हसली. मग गुडघ्याचं सांगितलं, नळाला पाणी आलं नाही ते सांगितलं. "लुबना बुला रई नांदेडकू. मैं बोली, आती. कायकू नक्को बोलूं? अब यहाँ कौन है मेरा." मग बराच वेळ नुसता पंखा. आणि शेवटी अगदी तोंड जवळ आणून, "सुन रा ना तू?"

तिथं आवाज तुटला. राजकन्याला वाटलं की हा प्रश्न तिलाच विचारलाय, आणि तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.  डबा तिनं तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला नवी फाईल आली, तिच्याच नावानं. न ऐकण्याचं तिनं सकाळीच ठरवलं होतं. पण असं ठरवलेलं कुणाचं टिकतं? तिनं फाईल उघडली. सुरुवातीला नुसता श्वास होता, धावत आल्यासारखा. मग तीच बाई म्हणाली, "तू बोल्या. कल तू बोल्या, जिलानी."

आणि ती रडायला लागली. म्हातारं माणूस रडतं तेव्हा आवाज फार होत नाही, नुसतं आत काहीतरी घासत राहतं. राजकन्याला ते सहन होईना, तरी तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मधेच फाईल बंद करणं म्हणजे कुणी रडताना उठून जाण्यासारखं, असं तिला वाटलं.

"सर, जिलानी कोण?" तिनं विचारलं.

रामलिंग सर चहा बशीत ओतत होते, ते थांबले. "तुझ्या आधी होता इथं. देगलूरचा. लई गुणी पोरगं. गाडीवरनं घरी जाताना उदगीरच्या पुढं टिप्परनं..." त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. "आठ महिने झाले. काहून?"

"माझा नंबर त्याचा होता का?"

"त्याचाच. खातं पुसायला गेलो तर मशीन अडून बसलं. म्हणे, या माणसाचं अजून काहीतरी चालू हाय. मी म्हणलं, माणूसच न्हाई तर चालू काय असंल? जबरीनं पुसलं."

तिथं सर चुकले. मशीन खोटं बोलत नव्हतं. जिलानीनं लावलेला एक छोटा प्रोग्राम खरोखरच चालू होता, आणि आपला सर्व्हर तीन वर्षांत एकदाही बंद पडला नाही असा सरांचा अभिमान असल्यामुळं तो चालूच राहिला होता. नाव पुसलं गेलं, पण नंबर तोच होता. मग त्या नंबरवर राजकन्या आली, आणि मेलेल्या माणसाचं सगळं बिनबोभाट तिच्या नावावर चढलं. चालणाऱ्या प्रोग्रामांची यादी काढली तेव्हा तोही तिच्याच नावापुढं दिसला. ती कॉलेजात यायच्या कितीतरी आधीपासून तिच्या नावानं चाललेला.

तिनं तो उघडून वाचला. काम साधं होतं. देगलूरच्या घरात भिंतीला एक जुना फोन लावलेला होता. अम्मीनं दुपारी बटण दाबून बोलायचं, ते बोलणं फाईल होऊन इथं यायचं. जिलानी सवड मिळेल तशी ती उघडायचा. एखादी फाईल आल्यानंतर कुणी उघडून वाचली, की प्रोग्रामला ते समजायचं आणि तो देगलूरच्या फोनला निरोप धाडायचा. मग तो फोन जिलानीच्या आवाजात बोलायचा. आवाजाची फाईल बाजूलाच होती. राजकन्यानं ती लावली. तरुण, जरा घाईत असलेला, हसरा आवाज.

"सुन्या अम्मी. खाना खा लेव."

बस्स, एवढंच. जिलानी गेल्यापासून फाईली येत राहिल्या आणि कुणी उघडल्या नाहीत, म्हणून फोनही गप्प राहिला. कुलूप असं की उघडणं फक्त घरधन्याला शक्य. आणि काल दुपारी घरधनी म्हणून राजकन्यानं ती उघडली. दोन तालुके ओलांडून पलीकडं एका खोलीत मेलेला मुलगा आईला म्हणाला, ऐकलं, जेवून घे.

 कुणाच्या देवघरात चपला घालून गेल्यासारखं राजकन्याला वाटलं, आणि कुणाला सांगावं तेही कळेना. शेवटी सरांनाच सांगितलं. सरांनी चष्मा पुसला, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला.

"बंद कर तो प्रोग्राम. तुझ्याच नावानं चालून राहिलाय, तुलाच हक्क हाय."

"पण सर, तिकडं ती बाई..."

"तेच म्हणतो मी. मेल्या माणसाला बोलायला लावून राहिलीस तू. पाप लागंल."

शनिवारी ती घरी निघाली तेव्हा नांदेडला उतरली. कॉलेजच्या क्लार्ककडून लुबनाचा नंबर घेतला होता. लुबना म्हणजे जिलानीची बहीण. तिथल्या इतवारा भागात राहत होती, घरीच ब्लाउज शिवायची. राजकन्यानं बूट काढता-काढताच सगळं सांगून टाकलं, कारण बसल्यावर धीर झाला नसता. लुबना मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत राहिली.

"मला वाटलं अम्मीचं डोकं फिरलं," ती म्हणाली. "बोचकं बांधून तयार होती बघा. मी गाडी सांगितली होती. अन् आदल्या दिवशी फोन करून म्हणती, जिलानी बोलला, मी येत न्हाई."

"त्यांना माहीत आहे ना, की भाऊ...?"

"घरातनंच मयत उठली. तोंड बघितलं तिनं. माहीत कसं न्हाई?" लुबनानं दोरा दातांनी तोडला. "पण तुम्हाला दुसरं माहीत न्हाई. ती त्याच्या आधी जेवायची न्हाई. त्याला शाळेपासनं सवय, दुपारी कुठंही असला तरी विचारायचा, अम्मी, खाल्लं का. म्हणून त्यानं ते फोनचं करून दिलं. तो बोलला की ती ताट घ्यायची. तो गेल्यावर कसं तरी मी तिला वेळेवर खायची सवय लावली. शुगर हाय तिला, गोळी घेऊन उपाशी राहिली की पडती. आता परत सुरू झालं. त्याचा आवाज आल्याशिवाय घास उचलत न्हाई. काल आला न्हाई तर रातपर्यंत तशीच बसून होती."

काल शुक्रवार होता. सरांच्या बोलण्याला भिऊन काल राजकन्यानं फाईल उघडली नव्हती.

सोमवारपासून ती रोज दुपारी फाईल उघडायला लागली. दुसरं काय करणार? बंद केलं तर म्हातारी उपाशी, आणि चालू ठेवलं तर मेलेला मुलगा रोज बोलणार. रविवारी लॅबला कुलूप असायचं, आणि सर्व्हर बाहेरून उघडत नसे. त्या दिवशी राजकन्याच्याही घशाखाली घास उतरायचा नाही. आई विचारायची, काय झालं गं? ती म्हणायची, काही न्हाई.

दुपारी आलेलं तेवढंच ती ऐकायची. मधल्या आठ महिन्यांतल्या फाईलींना मात्र तिनं बोट लावलं नाही. जिलानी गेल्यानंतर आलेल्या, कुणीच न ऐकलेल्या. त्या तिच्या नावावर असल्या तरी तिच्या नव्हत्या, एवढं तिला कळत होतं. हक्क असणं वेगळं आणि अधिकार वाटणं वेगळं.

हळूहळू तिला सुलतानबीची, म्हणजे जिलानीच्या अम्मीची, सगळी खबर झाली. आयुष्यभर पेटी डोक्यावर घेऊन खेडोपाडी बांगड्या भरल्या, आता पाय साथ देत नाहीत, पेटी फोनखालीच ठेवलेली असते. पण बोलणं बदलत चाललं होतं. एके दिवशी सुलतानबी म्हणाली, "आजकल तू जल्दी सुनता. पैले कित्ता तरसाता था." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तू ठीक है ना वहाँ?" आणि पुढं काही न बोलता वाट पाहत राहिली. उत्तर एकच होतं, आणि ते राजकन्यानं दिलं. सुन्या अम्मी. खाना खा लेव.

हेडफोन काढताना तिला वाटलं की खुर्चीमागं कुणीतरी वाकून ऐकत होतं आणि आत्ता सरळ झालं. मागं पाहिलं तर पंखा होता. तरी त्या दिवसापासून ती भिंतीला पाठ लावून बसायची.

मग सरांनी नवी बातमी आणली. नवा सर्व्हर मंजूर झालाय. गुरुवारी सगळ्या फाईलींची नक्कल काढून ठेवायची, म्हणजे बॅकअप, आणि जुनं मशीन कायमचं बंद.

"मग तो प्रोग्रामही...?"

"मशीनच न्हाई तर काय चालणार? सुटलीस तू."

ती सुटली असती, पण सुलतानबी गुरुवारपासून ताट झाकून वाट बघत बसली असती. राजकन्यानं लुबनाला फोन केला. दोघींनी मिळून ठरवलं की जाऊन तोंडानं सांगायचं. आवाज त्याचा होता, उघडणारी मी होते, माफ करा. गुरुवारी सकाळी ती नांदेडहून लुबनाबरोबर देगलूरच्या बसमध्ये बसली.  नरसीच्या पुढं लुबना म्हणाली, "ती मरून जाईल का ओ, ऐकून?" 

देगलूरच्या गल्लीत एका ओट्यावर तेलुगू, पलीकडच्यावर मराठी आणि मधल्या नळावर दखनी चाललेली. सुलतानबीचं घर एका खोलीचं. राजकन्यानं कधी न पाहिलेली खोली, पण तिला सगळी ओळखीची. पंखा तोच घरघरणारा. भिंतीवर फोन, खाली बांगड्यांची पेटी. समोरच्या छतावर मलप्पाची शेळी. तिला पाहून राजकन्याला उगीच रडू आलं.

सुलतानबी वाळकी, ताठ बाई होती. लेकीबरोबर परकी मुलगी पाहून तिनं मराठीत विचारलं, "कोण गं ही?"

"जिलानीच्या कॉलेजातली," लुबना म्हणाली.

"बस मा. पाणी पी. जरा थांबा, माझं टायम झालं."

ती पेटीवर हात टेकून उठली आणि बटण दाबून बोलली. लुबना आली, तुझ्या कॉलेजातली एक पोरगी आली, भाजी मेथीची केली. "सुन रा ना तू?" मग खाली बसली. समोर ताट वाढलेलं, वर दुसरं ताट झाकलेलं. ती फोनकडं बघत राहिली. आज तिकडं उघडणारं कुणी नव्हतं, उघडणारी इथं तिच्यासमोर बसली होती.

राजकन्यानं लुबनाकडं पाहिलं. लुबनानं मान हलवली.

"अम्मा," राजकन्या म्हणाली, "तुम्हाला एक सांगायचंय. ते जे बोलतंय ना, ते..."

"सुन्या अम्मी. खाना खा लेव," फोन म्हणाला.

 सुलतानबीनं झाकलेल्या ताटाकडं हात नेला, तेवढ्यात फोन पुन्हा म्हणाला, "सुन्या अम्मी. खाना खा लेव." आणि लगेच पुन्हा. तोच घाईतला, हसरा आवाज. तीच वाक्यं, एकामागं एक, थांबायचं नाव नाही.

लुबना भिंतीला जाऊन चिकटली. मग राजकन्याला सुचलं. बॅकअप. आज गुरुवार. रामलिंग सर रूटच्या किल्लीनं सगळ्या फाईली उघडून नक्कल काढत असणार, त्यात ही आठ महिन्यांची पडून राहिलेली बोलणीही उघडली जात असणार. जेवढ्या फाईली उघडतील तेवढी उत्तरं येणार. हे तिला समजलं तरी अंगावरचा काटा गेला नाही.

"बंद करते मी," ती उठली.

सुलतानबीनं हात वर करून तिला थांबवलं. ती घाबरली नव्हती. डोळे मिटून, कान देऊन ती ऐकत होती, आणि प्रत्येक वेळेला हळूच "हौ बेटा" म्हणत होती. हौ बेटा. हौ बेटा. छतावरची शेळी उतरून गेली. झाकलेल्या ताटातली मेथी गार झाली. शेजारची एक बाई दाराशी आली, आवाज ओळखला आणि पदर तोंडाला लावून तशीच मागं फिरली. फोन बोलत राहिला, म्हातारी होकार देत राहिली, आणि मग एकदम शांत झालं. पंखा तेवढा उरला.

सुलतानबीनं ताट उघडलं आणि पोटभर जेवली. पाणी प्यायली, हात धुतले.

"राहिलेलं समदं ऐकलं त्यानं," ती म्हणाली. "जनाजा उठला त्या दिवसापासनंचं. किती काय-काय बोलले होते मी त्याला, रागानं बी. कुणी ऐकलंच न्हाई ते. आज ऐकलं." मग राजकन्याकडं वळली. "एवढे दिवस रोज तू ऐकून राहिली होतीस ना?"

राजकन्या अजून उभीच होती, ती खाली बसली.

"मला कळत होतं. तो कधी एवढ्या लवकर ऐकायचा न्हाई, त्याला काम असायचं. मी म्हणायचे, कुणी का असंना, कान तर हाय. तुझं भलं होवो." तिनं उठून फोन भिंतीवरून काढला, तार गुंडाळली आणि बांगड्यांच्या पेटीत ठेवून झाकण लावलं. "चल लुबना. नांदेडला कोणची गाडी हाय?"

बॅकअपचं सांगायला राजकन्याच्या ओठापर्यंत शब्द आले होते. ते तिनं गिळले. आजचं ऐकणारा मुलगा नव्हता, मशीनची नक्कल होती, हे सांगून कुणाचं भलं होणार होतं? काही खरी गोष्टही कुलपात ठेवावी लागते.

शुक्रवारी ती लॅबमध्ये आली तर जुना सर्व्हर घुमत होता.

"सर, काल बॅकअप झाला, मग हे बंद नाही केलं?"

"कुठला बॅकअप? डिस्कच आली न्हाई हैदराबादहून. मी काल निलंग्याला होतो, साडूच्या पोरीचं लगीन. लॅबला दिवसभर कुलूप."

राजकन्या मशीनसमोर बसली. 'अम्मी' फोल्डर उघडलं. फाईली जागेवर होत्या, कुलूप तसंच होतं, भावकीला रेघा, गावाला रेघा. तिनं शेवटच्या वाचनाच्या वेळा काढल्या. आठ महिन्यांच्या सगळ्या फाईली काल दुपारी वाचल्या गेल्या होत्या, सर्वांत जुनी आधी, कालची शेवटी. काल दिवसभरात सर्व्हरवर कुणी आलं-गेलं नव्हतं, तसं मशीन सांगत होतं. रूट आला नव्हता. राजकन्याही नाही.

तिनं सरांना बोलावलं. सर उभ्यानंच पाहत राहिले, मग खुर्ची ओढून बसले. त्यांनी स्वतःच्या किल्लीनं सगळं पुन्हा तपासलं. रूट सोडला तर घरधन्याशिवाय कुणी उघडू शकत नाही अशा फाईली होत्या त्या. घरधनी नंबर एक हजार चौदा.

"तू हुतीस कुठं?"

"देगलूरला. त्यांच्यासमोर बसले होते."

 लॅबबाहेर दुपार भरात आली होती.

"सर," राजकन्या म्हणाली, "मला दुसरा नंबर द्या. अन् या नंबरवर आता कुणाला बसवू नका."

"रांगेत फट राहती मग," सर सवयीनं म्हणाले. स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू आलं असावं, कारण त्यांनी लगेच कीबोर्ड पुढं ओढला. किल्ली टाइप केली. राजकन्याला एक हजार पंधरा मिळाला. फोल्डरमध्ये शेकडो ओळींवरून तिचं नाव एका क्षणात गेलं, आणि घरधन्याच्या जागी नुसता आकडा राहिला.

नवा सर्व्हर आला तेव्हा सरांनी ते फोल्डर कुलपासकट तिकडं नेलं, नंबरासकट. प्रोग्राम नेला नाही. पुढच्या महिन्यात महामाया नावाची मुलगी लॅबला लागली. तिला खातं उघडून देताना सर एक हजार सोळावर गेले, आणि मध्ये एक जागा कुणाची म्हणून त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

सुलतानबी नांदेडला इतवाऱ्यात लुबनाजवळ आहे, वेळेवर जेवते. हे ऐकलं त्या दुपारी राजकन्यानं एकदाच, खातरजमा करावी म्हणून, त्या फोल्डरमधली शेवटची फाईल उघडायचा हुकूम दिला. परवानगी नाही, मशीन म्हणालं. तिनं पडदा बंद केला आणि डबा उघडला.